आधी पाणी, मग भिरंडेल

टाचेच्या भेगांवर काय लावावं या प्रश्नावर आमच्या घरात सरळ दोन पक्ष आहेत. एका बाजूला माझ्या नणंदबाई. सिंधुदुर्गात कुडाळजवळ राहतात, परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडं आहेत (त्याच्या बियांचं घट्ट तेल म्हणजे भिरंडेल), आणि पासष्टी उलटली तरी लावणीला चिखलात उतरतात. दुसऱ्या बाजूला माझी लेक, पुण्यात त्वचारोगाची डॉक्टर. घरात सगळेच नणंदबाईंना आत्या म्हणतात, म्हणून इथेही मी आत्या आणि भाची असंच लिहिते.

यंदा थंडीत आत्या पुण्याला राहायला आल्या आणि आठवड्याभरात त्यांच्या टाचा उलल्या. साडीचा फॉल भेगेत अडकायला लागला, रात्री गोधडीचे दोरे ओढले जायला लागले. मग जेवणं झाली की दोघींची जुंपायची. मी ओटा आवरता आवरता ऐकायची, मधेच तोंड घालायची. त्यातलं कामाचं तेवढं इथे मांडते. घरातल्या बाईच्या टाचा कुणालाच महत्त्वाच्या वाटत नाहीत, तिला स्वतःलाही नाहीत, हे मला फार दिवस खुपत आलं आहे.

आत्या : येताना भिरंडेलाचा गोळा आणलाय मी. निरांजनावर वितळवायचं, गरम गरम भेगेत सोडायचं आणि निजायचं. चार दिवसांत भेग मिटते. तुझ्या ट्यूबा मला नकोत.

भाची : चार दिवस होऊन गेले, आत्या. मिटली?

आत्या : इथली हवाच वाईट गो. आमच्याकडे मिटते.

भाची : हवेचं मात्र बरोबर बोललीस. कोकणात थंडीतही हवेत ओल असते. इथे डिसेंबरात वारा कोरडा, रात्री गार, आणि टाच बिचारी आधीच तेलाविना. आपल्या अंगाला आतून तेल पुरवणाऱ्या ग्रंथी असतात ना, त्या तळहातांना आणि तळपायांना नसतात. तिथे नुसत्या घामाच्या ग्रंथी. त्यात कातडी जाड. पापणीवरचा त्वचेचा बाहेरचा थर साधारण ०.०५ मिलिमीटरचा, तळव्याचा दीड मिलिमीटरपर्यंत. तीसपट.

आत्या : जाड आहे तर फाटते कशाला? जाड कापड लवकर फाटत नाही.

भाची : कारण टाच उभं राहिल्यावर पसरते. टाचेखाली चरबीची गादी आहे. अंगाचा भार आला की ती दबते आणि कडेनं बाहेर येते. वरची कातडी ओलसर असेल तर तिच्याबरोबर ताणली जाते. कोरडी पडून कडक झाली असेल तर ताणत नाही, चिरते. म्हणून भेगा बघ, टाचेच्या बुडाला कमी आणि कडेला जास्त. आणि म्हणूनच वजन वाढलेल्यांना, दिवसभर फरशीवर उभं राहणाऱ्यांना, मागून उघडी चपटी चप्पल घालणाऱ्यांना त्या आधी पडतात. मागे पट्टा किंवा बंद टाच असलेली पादत्राणं गादीला आवरून धरतात.

आत्या : बरं. तेल नाही म्हणून कोरडी, कोरडी म्हणून भेग. मग तेलच लावायचं ना? मी वेगळं काय म्हणते?

इथे लेकीने जी गोष्ट सांगितली ती मलाही नवीन होती. १९५२ साली आयर्विन ब्लँक नावाच्या अमेरिकन संशोधकाने तळपायाच्या घट्ट्यांचे तुकडे घेऊन प्रयोग केले. वाळवून कडक केलेले तुकडे तेलात, मलमात बुडवून ठेवले. ते कडकच राहिले. पाणी मिळालं तसे तेच तुकडे मऊ पडले आणि वाकायला लागले. त्वचेच्या वरच्या थरात साधारण १० टक्क्यांच्या खाली पाणी गेलं की ती ठिसूळ होते, आणि ते पाणी तेल आणून देत नाही. तेल करतं ते दुसरंच काम : आत असलेलं पाणी उडून जाऊ देत नाही.

आत्यांनी हे ऐकलं आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे फणसपोळीसारखं. डब्यात कडक झालेल्या पोळीला वरून तेल चोपडलं म्हणून ती मऊ होत नाही. आषाढात उघडी राहिली की आपसूक मऊ पडते.” लेकीने मान डोलावली. मला वाटतं इतक्या नेमकेपणाने तिलाही ते कुणी सांगितलं नसेल.

भाची : आता सांग, तू भिरंडेल लावतेस तेव्हा पाय कसे असतात? दिवसभराचे कोरडे, बरोबर? कोरड्या टाचेवर तू झाकण घालतेस. आत काही नाहीच, तर झाकून काय राहणार?

आत्या : आमची आई आम्हाला पाय धुतल्याशिवाय अंथरुणावर चढू देत नसे. मागच्या पडवीत घंगाळात ऊन पाणी ठेवलेलं असायचं. चिखलाचे पाय त्यात बुडवून खसाखसा चोळायचे आणि टिपून लगेच तिच्यापुढे जाऊन बसायचं. ती भिरंडेल लावायची.

भाची : म्हणजे आजीचं औषध पुरं होतं. पाणी आधी, भिरंडेल मागून. तू त्यातलं निम्मंच पुण्याला आणलंस.

माझ्या मते या सगळ्या वादातलं हेच सार आहे, म्हणून जरा थांबते. घरगुती उपाय म्हणून आज जे हातोहात सांगितलं जातं त्यात फक्त काय लावायचं ते उरलेलं असतं. कधी लावायचं, त्याआधी काय करायचं, हा भाग रीतीत मुरलेला होता आणि रीत सुटली तशी तो गळून पडला. पाय धुऊन निजणं ही स्वच्छतेची सवय होती, तीच निम्मं औषधही होती. पुण्यामुंबईत चिखल नाही, म्हणून निजताना पाय धुवायचं कारण उरलं नाही. उरली ती डबी.

भिरंडेलाबद्दल मात्र लेकीला आदर आहे आणि तो उगाच नाही. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे पिकले की सालीची आमसुलं होतात आणि बिया वेगळ्या वाळवतात. त्या फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगलेलं तेल काढून घ्यायचं. गार झालं की ते घट्ट होतं आणि मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात, म्हणून काही भागांत त्याला मुठेलही म्हणतात. आत्यांनी आणलेल्या गोळ्यावर चार बोटांचे वळ स्पष्ट दिसत होते. रंग पिवळसर पांढरा, वास जवळजवळ नाहीच, नखाने खरवडलं तर मेणासारखा पापुद्रा निघतो. ४० अंशांच्या आसपास ते वितळतं, म्हणजे अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडं वर. त्यामुळे खोबरेलासारखं ते टाचेवरून ओघळत नाही, पांघरुणाला पुसलं जात नाही. लावलं तिथे बसून राहतं. टाचेला असंच काहीतरी हवं असतं.

भाची : भिरंडेल मिळत नसेल त्याने साधी पेट्रोलियम जेली लावावी. अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रोने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं, आणि पाणी अडवण्यात तिला मागे टाकेल असं अजून फारसं काही निघालेलं नाही. स्वस्तही आहे.

आत्या : मग ही एवढाली महागाची मलमं कशाला लिहून देतेस लोकांना?

भाची : सगळ्यांना नाही देत. नुसती कोरडी टाच असेल तर पाणी आणि झाकण एवढ्यावर भागतं. पण टाचेवर पिवळा, दगडासारखा थर चढला असेल तर त्यातून पाणी आत शिरत नाही. तिथे युरियाचं मलम लागतं.

आत्या : युरिया? अगो, तो आम्ही भाताला टाकतो!

भाची : रसायन तेच. आपल्या त्वचेच्या वरच्या थरातही ते मुळात असतं, पाणी धरून ठेवतं. कमी प्रमाणात लावलं, साधारण १० टक्के, तर ओल टिकवतं. २०-२५ टक्के असेल तर कडक थर सैल करून सुटा करतं. त्याच्या वरचं मात्र डॉक्टरला विचारूनच.

आत्या : आणि तो येतो कुठून? मुतातून ना?

भाची : मुतात असतो, पण मलमातला कारखान्यात बनतो. १८२८ साली व्होलर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत तयार करून दाखवला होता. पण तू आता गोणीतला काढून पायाला लावशील, तसलं करू नकोस. खताच्या युरियाला निंबोळी तेलाचा थर दिलेला असतो आणि तो काही औषधासाठी शुद्ध केलेला नसतो. आणखी एक. रक्त आलेल्या उघड्या भेगेत युरिया झोंबतो. आधी काही दिवस नुसती जेली किंवा तुझं भिरंडेल लावून भेग मिटू द्यायची, मग मलम.

घासण्यावरून मात्र दोघींचं पटकन जमलं. वज्री दोघींनाही मान्य, ब्लेड दोघींनाही अमान्य. पार्लरमध्ये टाच पात्याने तासून गुळगुळीत करून देतात, दोन दिवस छान दिसते. पण खोल तासलेली कातडी पुन्हा जाड होऊन येते आणि पातं जरा आत गेलं तर जखम. ओल्या टाचेवर वज्री हलक्या हाताने, आठवड्यातून एक-दोनदा, एवढंच. लिंबू, सोडा, मीठ यांचे लेप भेगेत आग करतात आणि कातडी आणखी कोरडी पाडतात. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

बिब्ब्यावरून मात्र जुंपली.

आत्या : आमच्या वाडीत अजून काही जणी बिब्बा घालतात. सुईला टोचून दिव्यावर धरायचा. तेल सुटलं की थेंब भेगेत. जळतं, पण भेग तिथल्या तिथे सुकते.

भाची : सुकते नाही, भाजते. बिब्ब्याच्या टरफलातलं तेल कातडीवर फोड आणतं. धोबी त्यानेच कपड्यांवर खुणा करायचे. धुवून धुवून जात नाही असं ते तेल. माझ्याकडे अशा बायका येतात. पाय घोट्यापर्यंत सुजलेला, पाण्याने भरलेले फोड, आणि बरं झाल्यावरही काळे डाग. कुणाकुणाच्या हातावर, चेहऱ्यावरही उठतं, कारण तेलाचं बोट नकळत तिकडे लागलेलं असतं.

आत्या : पण बाळंतिणीच्या लाडवात आपण गोडंबी घालतोच की. ती बिब्ब्याचीच ना?

भाची : गोडंबी म्हणजे आतला गर. भाजतं ते टरफलातलं तेल. काजूचंही तसंच. गर आपण खातो, पण टरफलाचा चीक हाताला लागला तर कातडी सोलते. तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. काजू भाजणाऱ्या बायकांचे हात तू रोज बघतेस.

काजूचा दाखला आला आणि आत्यांनी बिब्ब्याचा विषय सोडला. घरगुती आहे म्हणून निरुपद्रवी, असं मानणारे पुष्कळ लोक आहेत. बिब्बाही घरगुतीच आहे. इथे मी पूर्णपणे लेकीच्या बाजूची आहे.

पण पुढचा मुद्दा आत्यांचा होता, आणि त्याला लेकीला नीट उत्तर देता आलं नाही.

आत्या : तू कागदावर लिहून देतेस, रोज पंधरा मिनिटं पाय कोमट पाण्यात, मग टिपून मलम, मग सुती मोजे. वाचायला बरं आहे. ही पंधरा मिनिटं बाईने आणायची कुठून? शेतावरून आली की चूल. चूल झाली की जेवणं. जेवणं झाली की उष्टी-खरकटी. तुझी आईच बघ, नऊ वाजता अजून ओट्याशी उभी आहे. तिच्या टाचा बघितल्यास कधी?

भाची : ...

आत्या : दुखणं अंगावर काढायची आम्हाला हौस नाही गो. वेळच नसतो. तुमचं औषध वेळ असलेल्या माणसाचं.

भाची : खरं आहे. मलम लिहून देणं सोपं आहे. ते रोज लागतं की नाही यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते माझ्या हातात नाही. बऱ्याच जणी भेग दुखते तोवर लावतात, मिटली की सोडतात. पुढच्या महिन्यात तीच भेग परत.

आत्या : मग सोपं कर. पंधरा मिनिटं नको सांगूस. आंघोळ तर प्रत्येक बाई करते ना?

यातून जे निघालं ते मला दोघींच्याही मूळ उपायांपेक्षा बरं वाटलं. वेगळी पंधरा मिनिटं काढायचीच नाहीत. आंघोळीत पाय आपोआप भिजतात. बाहेर आल्यावर टाच नुसती टिपायची, पुरती कोरडी करायची नाही, आणि ती दमट आहे तोवरच, दोन-तीन मिनिटांत, जे काही असेल ते चोळायचं. भिरंडेल, जेली, मलम, काहीही. रात्री निजण्याआधी पाय धुवायचे आणि तेच पुन्हा, वर जुने सुती मोजे. वेळ लागतो तो डबीचं झाकण उघडण्याएवढा. डबी न्हाणीघराच्या दाराशी ठेवायची, कपाटात ठेवली तर लागणार नाही. ही शेवटची सूचना माझी.

बाकीची पथ्यं आत्यांना मी दिवसभरात एकेक करून सांगितली. फरशीवर अनवाणी उभं राहायचं नाही, घरात वेगळी मऊ तळाची चप्पल. धुणं धुताना साबणाच्या पाण्यात पाय ठेवायचे नाहीत, कारण धुण्याचा साबण आणि सोडा त्वचेतला स्निग्धपणा काढून नेतात. आंघोळीचं पाणी कढत नको. आत्यांना हे शेवटचं अजिबात पटलं नाही आणि अजूनही पटलेलं नाही.

काशाच्या वाटीवरूनही थोडं झालं. तळपायाला तूप लावून वाटीने घासलं की तूप काळं होतं, ती अंगातली उष्णता बाहेर पडते, असं आत्या मानतात. लेक म्हणाली, काळेपणा धातू आणि तुपाच्या घर्षणाचा आहे, अंगातल्या उष्णतेचा नाही. पण घासू नका असं ती म्हणाली नाही. कुणीतरी पंधरा मिनिटं आपले पाय हातात घेतं, याचं सुख खरं असतं आणि तूपही टाचेला लागतंच. फक्त उघड्या भेगेवर वाटी फिरवू नये.

मग एका रात्री आत्या सहज बोलून गेल्या.

आत्या : उजवी अजून ठणकते. डावी मात्र बरी झाली वाटतं. दुखत नाही अजिबात.

लेक उठली आणि त्यांचा डावा पाय मांडीवर घेऊन दिव्याखाली धरला. डावीकडची भेग उजवीपेक्षा खोल होती. कडा पांढरट आणि टणक, मधे काळपट रेघ, आणि तळाशी रक्त सुकलेलं. मोज्यालाही डाग होता. आत्यांना पत्ता नव्हता.

भाची : आत्या, डोळे मीट. बोट लागलं की सांग.

तिने अंगठ्याला, चवड्याला, टाचेला बोट टेकवलं. आत्या गप्प. घोट्याच्या वर लागलं तेव्हा म्हणाल्या, “हं, आत्ता लागलं.”

भाची : साखर किती वर्षांची आहे तुझी?

आत्या : झाली की पुष्कळ वर्षं. गोळ्या घेते ना मी.

दुसऱ्या दिवशी लेकीने त्यांना नेऊन १० ग्रॅमच्या नायलॉनच्या तारेची तपासणी करून घेतली. ती तार वाकेपर्यंत तळव्यावर टेकवतात. तेवढा दाब ज्याला कळत नाही त्याच्या पायाची राखण करणारी जाणीव गेलेली असते. आत्यांना दोन्ही तळव्यांवर बऱ्याच ठिकाणी कळलं नाही. उजवी टाच ठणकत होती ती तिथे थोडी जाणीव शिल्लक होती म्हणून.

मधुमेहात वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की नसा झिजतात, आणि सगळ्यात लांबच्या, म्हणजे पायांच्या, आधी. वेदना सांगणाऱ्या नसा झिजतात तशा घाम सोडायला लावणाऱ्याही झिजतात. टाचेला तेल नव्हतंच, आता घामाची ओलही गेली. म्हणून मधुमेह्याची टाच जास्त उलते आणि कमी दुखते. भेग हे जंतूंना उघडं दार असतं. रक्तपुरवठाही कमी झालेला असेल तर जखम भरत नाही, चिघळते, आणि पुढे बोट किंवा पाऊल गमावण्यापर्यंत गोष्ट जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातल्या मधुमेह्यांची संख्या १०.१ कोटी सांगितली आहे. त्यांतल्या किती जणांनी आपला तळवा शेवटचा कधी बघितला असेल, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना.

भाची : आता सगळ्यात महत्त्वाचं. निरांजनावरचं गरम भिरंडेल तू यापुढे पायाला लावायचं नाहीस.

आत्या : म्हणजे शेवटी माझं औषध वाईटच ठरवलंस.

भाची : औषध चांगलं आहे, तुझ्यासाठी निरांजन वाईट आहे. आजीला चटका बसला तर ती पाय मागे घ्यायची. तुला चटका कळणारच नाही. पाय भाजेल, फोड येईल आणि तू त्यावरून चालत राहशील. तळहातावर घासून मऊ कर आणि लाव. नाहीतर वितळवून पुरतं निवू दे.

आत्या : आणि घंगाळातलं ऊन पाणी?

भाची : तेही नको. तुझ्यासारख्यांनी पाय भिजत ठेवायचेच नाहीत. कोमट पाण्याने धुवायचे, पाणी पायाने नाही, कोपराने बघायचं. बोटांच्या बेचक्या कोरड्या टिपायच्या आणि तिथे तेल-मलम काही लावायचं नाही, नाहीतर चिखल्या होतात. वज्रीही स्वतः घासायची नाही. कुरुपाच्या पट्ट्या, सॅलिसिलिक आम्लाची मलमं नकोत. अंगणातसुद्धा अनवाणी नाही. आणि रोज रात्री तळवा बघायचा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून.

आत्या : लावणीचं काय?

भाची : चिखलात अनवाणी नाही. काटा घुसला तर तुला कळणार नाही.

आत्या यावर बराच वेळ बोलल्या नाहीत. लावणी सोडणं त्यांना टाचेच्या भेगेपेक्षा फार मोठं दुखणं आहे आणि ते आम्हा दोघींना कळत होतं. शेवटी गमबूट घालून बांधावर उभं राहीन, एवढ्यावर त्या आल्या. माझ्या मते हा त्यांच्यासाठी मोठाच सौदा होता.

मधुमेह नसलेल्यांनीही काही खुणा ओळखून ठेवाव्यात, असं लेकीचं सांगणं आहे. एकाच पायाला भेगा असतील, तळव्याच्या रेघांत पिठासारखा पांढरेपणा असेल, नखं जाड-पिवळी झाली असतील तर ती बुरशी असू शकते, आणि तिच्यावर भिरंडेल किंवा जेली चोळून काही होत नाही. अशा वेळी दुकानदाराने दिलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावलं तर आधी आराम पडतो आणि मग बुरशी पसरते. हातांच्या तळव्यांनाही भेगा असतील, कोपर-गुडघ्यांवर खवल्यांचे लाल चट्टे असतील तर सोरायसिस असू शकतो. टाचा उलतात, अंग सुस्त राहतं, केस गळतात, थंडी सोसत नाही, असं सगळं एकत्र असेल तर थायरॉइड तपासावं. आणि भेगेभोवती लाली, गरमपणा, सूज, पू किंवा ताप असेल तर त्या दिवशीच डॉक्टर गाठावा. ही घरी बसून उपाय करायची वेळ नाही.

आत्या माघी गणपतीला परत गेल्या. डावी भेग भरायला उजवीपेक्षा बरेच जास्त दिवस लागले, पण भरली. गेलेली जाणीव परत आलेली नाही. लेकीने दिलेली युरियाची ट्यूब त्यांनी सोबत नेली आणि ती संपली की पुन्हा भिरंडेलच, असं तिला तोंडावर सांगून गेल्या. लेकीचंही त्यावर काही म्हणणं नाही, टाच धुतलेली आणि दमट असली म्हणजे झालं. माझ्या न्हाणीघराच्या दाराशी आता त्यांनी दिलेला दुसरा गोळा डबीत आहे आणि तो रोज लागतो.

तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांचे तळवे आज हातात घेऊन उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. टाच दुखत नाही यावर विसंबू नका. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची जाणीव तपासून घ्या. ती तपासणी दुखत नाही आणि तिला काही मिनिटंच लागतात.